खिडकीकडची बाजू

आमच्या खोलीत नावाने हाक मारायची पद्धत नाही. मी मेंदूच्या कापांना रंग देते, म्हणून मी रंगारीणबाई. आणि ज्यांच्याबद्दल सांगायला बसले आहे ते चाळीसराव, कारण ते मेंदूचे काप काढायचे आणि नेहमी चाळीस मायक्रॉनचेच काढायचे. चाळीस मायक्रॉन म्हणजे साधारण केसाच्या निम्म्या जाडीइतकं. कुणी तीसचे मागितले तर म्हणायचे, "तीसचा फाटतो." पन्नासचे मागितले तर म्हणायचे, "पन्नासात रंग आत शिरत नाही." आणि शेवटी चाळीसचेच हातात ठेवायचे. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यातली सव्वीस वर्षं मी शेजारच्या टेबलाशी होते. माझ्या नवऱ्याचं तोंड मी बघितलं नसेल इतकी या माणसाची पाठ बघितली आहे.

पाठच, कारण तोंड कायम यंत्राकडे. यंत्र म्हणजे एक जड पातं, पुढे-मागे सरकणारं, आणि त्याच्यासमोर कोरड्या बर्फाने गोठवलेला मेंदूचा तुकडा. पातं फिरलं की रंध्याखालून साल निघावी तसा एक काप गुंडाळत वर येतो. तो बारीक कुंचल्याने उचलायचा आणि औषधाच्या खणात सोडायचा. पुन्हा पातं, पुन्हा कुंचला. एका तुकड्याचे दोनशे काप होतात. दीडशेव्या कापापर्यंत बोटं बधिर होतात आणि मान धरते, आणि तेव्हाच फोन वाजतो. चाळीसराव फोन उचलायचे नाहीत. मीच उठायची, गुडघे धरून, शिव्या घालत.

मेंदू उंदराचा. आमच्या ह्यांना याची फार गंमत वाटते. "उंदराला मेंदू असता तर तुमच्याकडे सापडला असता का?" हा विनोद त्यांनी सव्वीस वर्षांत निदान सव्वीस वेळा केला आहे. मी आता हसतही नाही.

चाळीसराव नाकासमोर चालणारा माणूस. सकाळी साडेआठला यायचे, मफलर खुंटीला लावायचे, पातं पुसायचे. घरी ते आणि वहिनी, या दोघांशिवाय कुणी नव्हतं. मुलगा लांबच्या शहरात, रविवारी फोन करायचा आणि तब्येत विचारायचा. तिसऱ्या मजल्यावर घर, आणि दोघांचेही गुडघे गेलेले. "घरी गेलात की काय करता?" असं एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "दम खातो. मग जेवतो." एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता त्यात. दमलेला माणूस तक्रार करायचंही टाळतो, तसं.

पण त्यांना एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो ते लपवायचे नाहीत. त्यांच्या कापाबद्दल कुणी कधी शंका घेतली नव्हती. दुसऱ्या विभागातली माणसंसुद्धा म्हणायची, चाळीसरावांनी दिलंय ना, मग बघायला नको.

आता कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेंदूत एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत तंतूंचे मार्ग असतात. कुठला मार्ग कुठे जातो याचे नकाशे कधीच तयार झाले आहेत. पण मार्ग कुठे जातो ते कळलं म्हणून त्याच्यावरून निरोप काय जातो ते कळत नाही. तंतूच्या टोकाशी एक रसायन सुटतं, आणि निरोप काय ते रसायन ठरवतं. ग्लुटामेट सुटलं तर पुढची पेशी जागी होते. गाबा सुटलं तर गप्प होते. म्हणजे तोच रस्ता, पण त्याच्यावरून "चल" जातंय की "थांब", हे रसायन ओळखल्याशिवाय सांगता येत नाही.

आमच्याकडे एक संशोधक बाई पाच वर्षं अशाच एका मार्गाच्या मागे होती. मेंदूच्या मागच्या बाजूच्या राईएवढ्या जागेपासून पुढे जाणारा मार्ग. तिची पदवी व्हायची होती, पण आम्ही तिला आधीपासूनच डॉक्टरीणबाई म्हणायचो, आधी चिडवायला आणि मग सवयीने. चौतीस वर्षांची, घरी चार वर्षांची मुलगी, आणि डबा कायम अर्धा राहिलेला. तिची नेमणूक जूनअखेर संपणार होती. तोवर उत्तर हातात असेल तर पुढची जागा, नसेल तर घरी. ती म्हणायची की हा मार्ग ग्लुटामेटचा आहे. आमचे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, म्हणायचे की दाखव.

दाखवायची रीत जुनी आहे आणि जरा निर्दयच आहे. उंदराच्या मेंदूतला उजव्या बाजूचा मार्ग तोडायचा, डावीकडचा तसाच ठेवायचा. आठ-दहा दिवसांत तोडलेल्या तंतूंची टोकं सुकून जातात. मग ती टोकं जिथे पोचतात त्या पुढच्या भागाचे काप काढायचे. ग्लुटामेट साठवणाऱ्या इवल्या पिशव्यांनाच चिकटेल असा रंग मी द्यायचा. उजवीकडे रंग फिका पडला, तर मार्ग ग्लुटामेटचा होता. दोन्हीकडे सारखाच राहिला, तर नव्हता. तिथे इतर मार्गांचीही टोकं असतात, त्यामुळे फरक डोळ्याला जेमतेमच दिसतो, फोटो काढून यंत्राने मोजावा लागतो. मोजणाऱ्याच्या मनात चोर नको, म्हणून फोटोंना मी नुसते नंबर द्यायची. कुठला फोटो कुठल्या बाजूचा, ते फक्त माझ्या वहीत.

आणि माझ्या वहीत ते कुठून यायचं? चाळीसरावांच्या टोचेतून. काप एकदा औषधात तरंगायला लागला की उलटा-सुलटा होतो, आणि मेंदूच्या दोन्ही बाजू दिसायला सारख्याच. म्हणून गोठवण्याआधी डाव्या बाजूला, कडेला, सुईने एक टोच मारायची. ती आरपार जाते, सगळ्या दोनशे कापांत एक बारीक भोक येतं. भोक दिसलं की ती डावी बाजू. सगळ्या जगात असंच करतात आणि सगळं जग त्या भोकावर विसंबून असतं.

त्या वर्षी आमच्या खोलीच्या छतातला पाइप फुटला आणि आम्हाला चार महिने तळमजल्यावर हलवलं. यंत्र, टेबल, माझ्या बाटल्या, सगळं. खालची खोली अंधारी, एक खिडकी, तीही दुपारी बरोबर डोळ्यांत ऊन फेकणारी. डॉक्टरीणबाईच्या अकरा उंदरांपैकी सातांचं काम तिथे झालं. मग छत दुरुस्त झालं, आम्ही वर आलो, उरलेले चार इथे झाले.

फेब्रुवारीत मी वही उघडली. आम्ही तिघं बसलो, सर, डॉक्टरीणबाई आणि मी. एकेका उंदराचा आकडा मी वाचला. काहींत उजवीकडे रंग कमी, काहींत उलट जास्त. सरासरी काढली तर शून्य. सर म्हणाले, "फरक नाही. हा मार्ग ग्लुटामेटचा नाही. तसं लिहून टाक."

"नाही हेसुद्धा उत्तरच असतं," ती म्हणाली. शहाण्यासारखं म्हणाली. त्या दिवसापासून ती "नाही" लिहायला बसली. दारावरून जाताना दिसायची, संगणकाच्या पडद्यावर एक वाक्य आणि तिचा हात कपाळाला. नकाराच्या उत्तरावर पुढची जागा कुणी देत नाही हे तिलाही माहीत होतं, मलाही.

चाळीसराव त्या बैठकीला नव्हते. काप काढणाऱ्याला कोण बोलावतं! त्यांनी तो आकड्यांचा तक्ता कधीच बघितला नाही, आणि त्यामुळेच पुढे तपासताना त्यांच्या मनात चोर नव्हता. फरक निघाला नाही एवढंच त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "वाईट झालं," आणि पातं पुसत राहिले. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा तीन महिने होते.

मार्चमधली गोष्ट. दुपारी ते दुसऱ्याच कुणाच्या तरी कामासाठी मेंदू टेबलावर ठेवून, सुई हातात घेऊन बसले होते. नाक पलीकडे, शेपटीकडची बाजू स्वतःकडे, असा ते तो कायम ठेवायचे. ऊन आलं म्हणून मी पडदा ओढला. त्यांचा हात थांबला. सुई तशीच हवेत.

"बाई," ते म्हणाले, "खालच्या खोलीत खिडकी कुठे होती?"

"कुठे म्हणजे? भिंतीत."

"माझ्या कुठल्या हाताला?"

मी विचार केला. "उजव्या. ऊन डोळ्यांत येतंय म्हणून तुम्ही रोज किरकिर करायचात."

त्यांनी सुई ताटलीत ठेवली. मग म्हणाले, "इथे डाव्या हाताला आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. एकतीस वर्षं या खोलीत त्यांनी टोच मारली ती खिडकीकडच्या बाजूला. डावी बाजू असं मनात म्हणून नव्हे. जेवताना आपण उजवा हात कुठला असं विचारत नाही, तसा त्यांचा हात उजेडाकडे जायचा. इथे खिडकीकडची बाजू म्हणजे डावी. खाली खिडकीकडची बाजू म्हणजे उजवी.

"पण तुमच्या लक्षात आलं असणारच," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशी आलं होतं. मी मोठ्याने म्हटलं होतं, इथे उलट आहे. आठवतंय मला. पुढचं नाही आठवत."

हेच तर वाईट होतं. खालचे सगळेच्या सगळे चुकले असते तर निस्तरणं सोपं होतं. पण काही वेळा त्यांना आठवलं असणार, काही वेळा हात सवयीने गेला असणार. कुठले बरोबर, कुठले उलटे, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. उलटे झालेले उंदीर आणि सुलटे उंदीर एकमेकांना खोडून सरासरी शून्य आली असेल, हे मात्र मला तिथेच, पडद्याची दोरी हातात असताना उमजलं. तिचं उत्तर कदाचित "हो" होतं.

आता माझं सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "चाळीसराव, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन-अडीच महिने राहिलेत तुमचे. खात्री आहे का तुम्हाला? नाही ना? मग कशाला दगडाखाली हात घालताय? ती तरुण आहे, दुसरं काहीतरी करेल. तुमचं एकतीस वर्षांचं नाव आहे, ते एका दिवसात जाईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रात्रभर झोप नसावी, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या.

"खात्री नाही हे खरं," ते म्हणाले. "खात्री करायला हवी."

आणि खात्री करायची वाट त्यांनाच माहीत होती, कारण ते काहीही टाकून देत नसत. प्रत्येक मेंदूचे त्यांनी सुरीने आडवे दोन भाग केले होते. पुढचा भाग कापांसाठी, मागचा, जिथे मार्ग तोडला होता तो, न कापता फ्रीजरमध्ये. मागच्या भागावर तोडल्याचा व्रण दिसतो, आणि व्रण उजवीकडे असतो हे पक्कं, ते शस्त्रक्रियेच्या नोंदीतही होतं. पुढच्या भागाचा अगदी शेवटचा काप आणि मागच्या भागाचं तोंड, ही सुरीच्या एकाच घावाच्या दोन कडा. हाताने मारलेला घाव कधी सरळ नसतो. एकीकडे उतरता, दुसरीकडे खपली निघालेली, कुठे रक्तवाहिनीचा खड्डा. पाव मोडला की दोन तुकडे एकाच बाजूने जुळतात, तसं. काप मागच्या तुकड्याच्या तोंडावर जुळवून बसवायचा आणि बघायचं. टोच व्रणाच्या विरुद्ध बाजूला आली तर बरोबर. व्रणाच्याच बाजूला आली तर उलटी.

त्यांना नऊ दिवस लागले. दुपारी जेवण झालं की भिंग लावून बसायचे. एक मेंदू, कधी अर्धाच. थंडगार तुकडा ताटलीत, कुंचल्याने काप फिरवायचे, पुन्हा फिरवायचे, उलटा करून बघायचे. चाळीस मायक्रॉनचा काप, ओला, जरा श्वास जोरात सोडला तरी दुमडतो. मी बाजूला बसून औषध घालत होते. माझी अक्कल मी एकदा पाजळली होती, आता गप्प होते. सातव्या दिवशी त्यांनी भिंग काढून ठेवलं आणि टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं चक्कर आली.

"काही नाही," ते म्हणाले. "पाच मिनिटं."

नवव्या दिवशी कागदावर अकरा नंबर लिहिले होते. वरच्या खोलीतले चारही बरोबर. खालच्या सातांपैकी दोन बरोबर, पाच उलटे. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला, खुंटीवरचा मफलर सरळ केला, आणि सरांच्या खोलीकडे गेले. वाटेत डॉक्टरीणबाईच्या दारावर टकटक करून म्हणाले, "मुली, तूही चल."

मी मागोमाग गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला राहवेना.

त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. खिडकीचं सांगितलं, जुळवल्याचं सांगितलं, कागद टेबलावर ठेवला. सर कागद वाचू लागले. डॉक्टरीणबाई मात्र उठून उभी राहिली. मला वाटलं होतं की ती खुश होईल. बुडत्याला काठी मिळाली की तो काठीवर रागावतो का? पण ती रागावली.

"पाच वर्षं, चाळीसराव," ती म्हणाली. "पाच वर्षं! मी महिना झाला 'नाही' लिहितेय. मी माझं डोकं खराब झालंय असं समजत होते. तुमच्या टोचेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. सगळ्यांनी मला सांगितलं होतं, चाळीसरावांचं बघायला नको."

"बघायला हवं होतं," ते म्हणाले.

ती निघून गेली. नंतर मी भांडी धुवायच्या खोलीत गेले तर ती नळ चालू ठेवून रडत होती. मी नळ बंद केला आणि तिच्याजवळ उभी राहिले. मी चाळीसरावांना गप्प बसायला सांगितलं होतं, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. आजही झालेली नाही.

सर सरळ माणूस, पण कोरडा. म्हणाले, "तुमचा कागद मी असा धरू शकत नाही. फरक निघावा असं तुम्हालाही वाटत असणार." चाळीसराव म्हणाले, "बरोबर आहे." मग तेच अकरा मेंदू शेजारच्या विभागातल्या एका तंत्रज्ञाला दिले, नुसतं जुळवायला सांगून, का ते न सांगता. त्याने आपल्या परीने जुळवले. अकरापैकी दहांत त्याचं आणि चाळीसरावांचं एक आलं. एकाची कड पार चुरगळली होती, त्याचं त्याला ठरवता येईना. तो उंदीर सोडून दिला. मग मी पुन्हा वही उघडली आणि जिथे टोच उलटी होती तिथे बाजू बदलून आकडे लावले. दहापैकी नऊ उंदरांत उजवीकडे रंग कमी. सरळ, स्वच्छ, आकड्यांत कुणालाही दिसेल असा फरक.

मार्ग ग्लुटामेटचा होता. डॉक्टरीणबाईने तक्ता बघितला, आणि मग खुर्चीत बसून अर्धा राहिलेला डबा काढून सगळा खाल्ला.

चाळीसरावांचं मात्र त्या दिवसापासून बदललं. कुणी वाईट बोललं नाही. पण सरांनी नियम केला की यापुढे टोच मारली की दुसऱ्या कुणीतरी बघून सही करायची. नियम चांगलाच होता, तो आधीपासून हवा होता. पण तो लागू झाला तेव्हा टोच मारणारा एकच माणूस होता. ते मेंदू ठेवायचे, सुई घ्यायचे, आणि थांबायचे. मी माझं काम सोडून उठायची, बघायची, "डावी" म्हणायची, सही करायची. दिवसातून चार-पाच वेळा. एकतीस वर्षं ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला मी, त्यांच्याच हाताखाली शिकलेली बाई, "डावी" म्हणून सांगत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते म्हणायचे, "बघा, बघा, नीट बघा." आणि खरोखर वाट बघायचे.

मे महिन्यात डॉक्टरीणबाईचा लेख तयार झाला. चुकीबद्दल लिहिणं भाग होतं, कारण बाजू बदलल्या होत्या आणि का बदलल्या ते सांगायला हवं. तिने लिहिलं, तांत्रिक कारणामुळे पाच प्राण्यांमध्ये बाजूची खूण उलटी झाली. आता तिचा राग गेला होता, तिला त्यांना सांभाळून घ्यायचं होतं. सरांनाही ते शब्द बरे वाटले. तिने ते चाळीसरावांना वाचून दाखवलं, त्यांच्याच टेबलाशी.

"तांत्रिक कारण म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... असंच लिहितात."

"वाचणाऱ्याला वाटेल यंत्र बिघडलं. यंत्र ठीक होतं."

"चाळीसराव, कुणाला काय पडलंय?"

"दुसरा कुणीतरी असेल," ते म्हणाले. "कुठेतरी. त्याचीही खोली बदलेल. यंत्र बिघडलं असं वाचलं तर तो यंत्र तपासेल. स्वतःचा हात तपासणार नाही." एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी कुंचला पुसून ठेवला. "टोच मारणाऱ्या तंत्रज्ञाच्या चुकीमुळे, असं लिही. खोली बदलली, खिडकीची बाजू बदलली, तेही लिही. वाद घालू नकोस मुली, मला दम लागतो."

तिने तसं लिहिलं.

मेअखेर ते निवृत्त झाले. चहा झाला, सर चार वाक्यं बोलले, चारही खरी होती. डॉक्टरीणबाईला दुसऱ्या संस्थेत जागा मिळाली, जुलैत ती गेली. जाताना मला मिठी मारली आणि म्हणाली, "लेख छापून आला की त्यांना तुम्ही नेऊन द्या. मी पाठवला तर ते उघडणार नाहीत."

लेख यायला हिवाळा उजाडला. एका रविवारी तो छापून घेऊन मी त्यांच्या घरी गेले. तीन जिने चढून माझाच जीव वर आला. दार वहिनींनी उघडलं. चाळीसराव खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते, जाड कांबळ पायांवर. सहा महिन्यांत माणूस आणखी लहान झाला होता. "झोपतात फार," वहिनी म्हणाल्या. "एकतीस वर्षांची राहिलेली झोप वसूल करताहेत म्हणे."

मी लेख त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं पान सोडून सरळ आतलं पान काढलं. चित्र होतं तिथे. काप, रंग दिलेला, डावीकडे गडद, उजवीकडे जरा फिका. मग आणखी एक पान उलटलं आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

"ह्यांचं नाव आहे त्यात?" वहिनींनी विचारलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पदराला हात पुसत त्या पुढे आल्या, त्यांचा चेहरा उजळला होता.

"नाव नाही," मी म्हटलं. "आमची नावं नसतात. तंत्रज्ञ असं लिहिलंय."

"म्हणजे हेच ना?"

"हेच."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नाही हो? आधी कधी आणलं नाही त्यांनी असं काही घरी." आणि मला म्हणाल्या, "काय लिहिलंय? वाचा ना."

मी त्यांच्याकडे बघितलं. खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. यांच्याशिवाय हे काम झालं नसतं, असं लिहिलंय म्हणून सांगितलं असतं, आणि ते काही अगदी खोटंही नव्हतं. पण चाळीसरावांनीच उत्तर दिलं.

"चूक माझी होती, असं लिहिलंय."

वहिनी थांबल्या. आधी त्यांना वाटलं थट्टा आहे. मग माझं तोंड बघून त्यांना कळलं. इतक्या शांत बाई, मी त्यांना आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला.

"एकतीस वर्षं तुम्ही राबलात. बोटं गेली, मान गेली. हजारोंनी काप काढले असतील. त्यातला एकही बरोबर नव्हता का? एवढंच लिहायला सापडलं त्यांना?"

"बरोबर होते," चाळीसराव म्हणाले. "म्हणूनच कुणी लिहिलं नाही."

त्यांनी लेख वहिनींच्या हातात दिला, चष्मा काढला आणि डोळे चोळले. "कपाटात ठेव," म्हणाले. "आणि रागावू नकोस. ते मीच लिहायला लावलंय."

वहिनी तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि मला तिथे बसवेना.